३० पॅक-इयर आले कुठून?

अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक गोऱ्यांपेक्षा दिवसाला कमी सिगारेटी ओढतात, बरेचसे सुरुवातही उशिरा करतात, आणि तरी कृष्णवर्णीय पुरुषांमधे फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण कित्येक दशकं गोऱ्या पुरुषांपेक्षा जास्तच राहिलंय. सगळा गुंता इथून सुरू होतो, आणि तो जाऊन पोचतो फुप्फुसाच्या कॅन्सरची तपासणी कुणाची करायची हे ठरवणाऱ्या ‘पॅक-इयर’ या मापापर्यंत.

मागचं थोडक्यात सांगतो. मेन्थॉलची (पुदिन्यासारख्या थंड चवीची) सिगारेट १९२० च्या दशकात ओहायोत निघाली, आणि १९५३ सालीसुद्धा कृष्णवर्णीय स्मोकर्सपैकी १० टक्क्यांहून कमी लोक ती ओढायचे. मग ६० च्या दशकात त्यांच्या मासिकांतून जाहिरातींचा मारा झाला, पुढे ७०-८० च्या दशकांत गरीब वस्त्यांत गाड्या फिरवून सिगारेटी फुकट वाटल्या, आणि आज दहातले आठ जण मेन्थॉलवाले आहेत. ही आवड आपोआप तयार झालेली नाही, ती पैसे ओतून तयार केली. मेन्थॉलमुळे सिगारेट जास्त विषारी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, पण घसा थंड पडतो, धूर बोचत नाही आणि व्यसन सुटायला जड जातं. २००९ च्या कायद्याने बाकी सगळ्या फ्लेवरच्या सिगारेटी बंद केल्या, मेन्थॉल तेवढं ठेवलं. २०२२ मधे बंदीचा मसुदा आला, आणि त्यावर खुद्द कृष्णवर्णीय नेत्यांमधेच फूट पडली, काहींना भीती होती की आता पोलीस आमच्या पोरांना सिगारेटवरून अडवतील, आणि ही भीती खोटी म्हणता येत नाही कारण २०१४ मधे न्यूयॉर्कमधे सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पकडताना एक माणूस पोलिसांच्या हातून मेला होता. जानेवारी २०२५ मधे तो मसुदा मागे घेतला गेला.

पण मला खरं बोलायचंय ते पॅक-इयरबद्दल, कारण मेन्थॉलवर खूप लिहिलं गेलंय आणि या एका मापाने किती माणसं तपासणीच्या दाराबाहेर राहिली ते फार कमी लोकांना माहितीये.

पॅक-इयर म्हणजे रोज एक पाकीट असं वर्षभर ओढलं की एक. पाकीट २० चं, आपल्या टपरीवर मिळतं ते १० चं नाही. म्हणजे रोज २० सिगारेटी ३० वर्षं ओढल्या तर ३० पॅक-इयर, रोज ४० ओढल्या तर १५ वर्षांतच ३०. हिशोब सोपा आहे म्हणून डॉक्टरांना आवडतो. पण या गुणाकारात असं गृहीत धरलंय की जास्त सिगारेटी थोडी वर्षं आणि थोड्या सिगारेटी खूप वर्षं, दोन्हीचं नुकसान सारखंच. ते सारखं नसतं, किती वर्षं ओढली याचं वजन दिवसाला किती ओढल्या यापेक्षा जास्त पडतं.

आता ३० हा आकडा कुठून आला ते बघा. २००२ मधे अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांची एक मोठी ट्रायल सुरू झाली, कमी डोसच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाचा कॅन्सर लवकर पकडला तर मृत्यू टळतात का हे बघायला. वय ५५ ते ७४, किमान ३० पॅक-इयर, सिगारेट सोडून १५ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत. २०११ मधे निकाल आला, छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा सीटीवाल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. फार मोठी गोष्ट होती ती. पण त्या ५३ हजारांत कृष्णवर्णीय होते जेमतेम साडेचार टक्के.

२०१३ मधे सरकारी तज्ज्ञ समितीने तपासणी कुणाची करायची ते ठरवलं तेव्हा वयाची वरची मर्यादा कॉम्प्युटर मॉडेलच्या आधाराने ८० पर्यंत वाढवली, पण ३० तसेच ठेवले. रोज १० ओढणाऱ्याला ३० पॅक-इयर व्हायला ६० वर्षं लागतात! अठराव्या वर्षी सुरुवात केली तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो तपासणीला पात्र होणार.

समितीची बाजूही आहे. ट्रायलमधे जे स्कॅन संशयास्पद निघाले त्यातले ९६ टक्के शेवटी कॅन्सर नव्हते, म्हणजे दार जितकं उघडं तितक्या फुकटच्या सुया, बायॉप्सी आणि घोर. पुरावा ज्या गटाचा होता त्या गटाला चिकटून राहणं हे शास्त्राला धरूनच होतं. पण दुसऱ्या बाजूचा पुरावासुद्धा तोवर टेबलावर होता की. १९९८ मधे रक्ततपासणीतून दिसलं होतं की कृष्णवर्णीय स्मोकर गोऱ्यापेक्षा एका सिगारेटमधून सुमारे ३० टक्के जास्त निकोटिन घेतो. २००६ मधे हवाई बेटं आणि लॉस एंजेलिस इथल्या १ लाख ८० हजारांवर लोकांच्या अभ्यासात दिवसाला १० पर्यंत ओढणाऱ्यांत गोऱ्यांचा धोका कृष्णवर्णीयांच्या साधारण निम्मा निघाला, आणि दिवसाला ३० च्या वर ओढणाऱ्यांत हा फरक जवळपास राहिलाच नाही. म्हणजे फरक नेमका कमी ओढणाऱ्यांत होता आणि ३० पॅक-इयरची पट्टी नेमकी त्यांनाच वगळत होती. (कारण जनुकं, झुरका किती खोल घेतात, की राहण्या-कामाच्या जागेची हवा, यावर वाद अजून चालू आहे. वंशाचा रकाना माणूस स्वतःच भरतो, त्यातून सगळं रक्तातच शोधायला जाणं मला पटत नाही.)

परिणाम २०१९ मधे आकड्यांत दिसला. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या मोठ्या अभ्यासात ज्यांना प्रत्यक्ष फुप्फुसाचा कॅन्सर झाला त्या स्मोकर्सपैकी २०१३ च्या नियमात बसणारे गोरे ५६ टक्के आणि कृष्णवर्णीय फक्त ३२ टक्के. म्हणजे कॅन्सर झालेल्या दर तीन कृष्णवर्णीयांतल्या दोघांना नियमाने तपासणी मिळालीच नसती, आणि त्यात १९९९ पासून माहीत होतं की लवकर सापडलेल्या कॅन्सरमधेसुद्धा ऑपरेशन गोऱ्यांचं ७७ टक्के आणि कृष्णवर्णीयांचं ६४ टक्के होतं.

मार्च २०२१ मधे नियम बदलला, वय ५० पासून आणि २० पॅक-इयर. पात्र कृष्णवर्णीयांची संख्या दुपटीहून वाढली, पण गोऱ्यांचीही वाढली, त्यामुळे दरी मिटली नाही. त्याच दक्षिणेकडच्या लोकांवर नवा नियम लावून बघितला तर कॅन्सर झालेल्या कृष्णवर्णीयांतले ५८ टक्के बसतात आणि गोऱ्यांतले ७४. गुणाकार सोडून फक्त २० वर्षं ओढली का एवढंच विचारलं तर कृष्णवर्णीय ८५ आणि गोरे ८२ टक्के, म्हणजे दरी जातेच. हा प्रस्ताव २०२४ मधे छापून आला. अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा मात्र पैसे देताना अजून दिवसाला किती आणि किती वर्षं हे दोन्ही विचारून त्याचा गुणाकारच करतो.