आर्केडचा ट्रॅकबॉल घरच्या कॉम्प्युटरला जोडताना

१९८१ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, अटारी कंपनीचे दोन खेळ आले. एक डोना बेली आणि एड लॉग यांचा ‘सेंटिपीड’, दुसरा डेव्ह थ्युरर यांचा ‘टेंपेस्ट’. सेंटिपीडच्या यंत्रावर हाताखाली गुळगुळीत चेंडू असायचा, हव्या त्या दिशेला गरगर फिरणारा. तो ट्रॅकबॉल. टेंपेस्टला नुसता एक नॉब होता, कितीही फिरवला तरी कुठेच न अडणारा. तो स्पिनर. आज हे दोन्ही खेळ मेम नावाच्या एम्युलेटरमुळे, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममुळे, घरच्या कॉम्प्युटरवर चालतात आणि कीबोर्डच्या बाणांनी खेळताही येतात. पण त्यात मजा नाही. टेंपेस्टमध्ये पडद्यावरच्या जाळ्याच्या या कडेवरून त्या कडेला जायचं तर मनगटाला एक झटका द्यायचा, उरलेलं अंतर नॉब स्वतःच्या वेगाने कापतो. बाणाचं बटण दाबलेलं आहे की नाही, एवढंच कॉम्प्युटरला कळतं. किती जोरात, हे कळत नाही. म्हणून खरा ट्रॅकबॉल किंवा स्पिनर मिळवून तो जोडायची खटपट मला अगदी रास्त वाटते.

१९७२ च्या ‘पाँग’मध्येही नॉबच होता, पण त्याच्या आत पोटेन्शिओमीटर होता, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा. तो दोन्ही टोकांना अडतो आणि आपण नेमके कुठे आहोत ते व्होल्टेजच्या रूपात सांगतो. ट्रॅकबॉल आणि स्पिनर जागा कधीच सांगत नाहीत. ते फक्त ‘एक पाऊल इकडे’ किंवा ‘एक पाऊल तिकडे’ एवढंच सांगतात. मोजणी ठेवणं हे ऐकणाऱ्याचं काम. जोडणीतल्या बहुतेक सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

ट्रॅकबॉल उघडला की चेंडूखाली काटकोनात बसवलेले दोन रोलर दिसतात आणि तिसरा आधार म्हणून एक बेअरिंग. एक रोलर आडव्या हालचालीने फिरतो, दुसरा उभ्या. प्रत्येक रोलरच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते. चकतीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर, म्हणजे फोटोट्रान्झिस्टर. खाच समोर आली की प्रकाश पार जातो, दात आला की अडतो. पण एकाच सेन्सरने चकती हलली एवढंच कळेल, कोणत्या बाजूला हे नाही. म्हणून दोन सेन्सर ठेवतात, आणि ते अशा अंतरावर की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे राहावा. त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणू, आणि प्रकाश पोचला तर १, अडला तर ० धरू. चकती एका दिशेने फिरली की जोडी ००, ०१, ११, १० अशी बदलते; उलटी फिरली की हाच क्रम उलटा येतो. प्रत्येक पावलाला दोघांपैकी एकच बदलतो. त्यामुळे एका खाचेत चार पावलं मोजता येतात आणि दिशाही कळते. याला क्वाड्रेचर म्हणतात.

त्यामुळे वायरी फार नाहीत. ५ व्होल्ट, ग्राउंड, आडव्यासाठी ए-बी, उभ्यासाठी ए-बी, अशा सहा. स्पिनरला चारच. बॉलवाल्या जुन्या माउसच्या पोटातही असाच मामला होता, म्हणून पूर्वी हौशी मंडळी माउसचा बोर्ड काढून त्याच्या सेन्सरच्या जागी ट्रॅकबॉलच्या वायरी सोल्डर करत. आता त्याची गरज नाही. अल्टिमार्क कंपनीचा ऑप्टी-पॅक हा बोर्ड यासाठीच बनवलेला आहे, नाहीतर आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा आपण प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड घ्यावा. यांच्यावरची एटीमेगा३२यू४ ही चिप यूएसबीवर स्वतःची ओळख माउस म्हणूनच करून देते, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बाकीचं सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं.

वायरींच्या रंगावर मात्र विसंबू नका. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. ५ व्होल्ट आणि ग्राउंड कुठले ते आधी माहितीपत्रकात बघून घ्या, मल्टिमीटरने खात्री करा, मगच वीज द्या. ते उलटे झाले तर सेन्सर जळू शकतात. या बोर्डांऐवजी रास्पबेरी पाय पिको वापरणाऱ्यांनी आणखी जपावं: तिच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा सिग्नल थेट देऊ नये, मध्ये व्होल्टेज उतरवणारा लेव्हल शिफ्टर घालावा.

आता वेळेचा हिशेब, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक भाग हाच. ३ इंची चेंडूचा घेर साधारण २३९ मिलिमीटर. समजा रोलरचा व्यास १२ मिलिमीटर आहे, म्हणजे घेर जवळपास ३८. चेंडू एकदा फिरला की रोलर सहा वेळांहून थोडा जास्त फिरतो. चकतीला २४ खाचा धरल्या तर रोलरच्या एका फेरीत ९६ पावलं, चेंडूच्या एका फेरीत सुमारे ६००. तळव्याने जोराचा फटका मारून चेंडू सेकंदाला पाच फेऱ्या फिरला, तर सेकंदाला ३,००० पावलं. चिप सेकंदाला हजार वेळाच बघत असेल तर दर वेळी मधली दोन पावलं निसटतात. आणि ००, ०१, ११, १० या चक्रात तीन पावलं पुढे जाणं आणि एक पाऊल मागे येणं यांत काहीच फरक दिसत नाही! चेंडू सुसाट पुढे, कर्सर मागे. ट्यूबलाइटच्या उजेडात पंखा कधीकधी उलटा फिरताना दिसतो, तोच हा प्रकार. यावर उपाय म्हणजे सिग्नल बदलताक्षणी चिपला जागं करणारा इंटरप्ट वापरायचा, किंवा सेकंदाला दहा-वीस हजार वेळा बघायचं. १६ मेगाहर्ट्‌झच्या चिपला हे सहज जमतं. कॉम्प्युटरला मात्र बेरीजच पाठवायची. दर ८ मिलिसेकंदांनी पाठवली तर एका वेळी २४ पावलं होतात, आणि आर्डुइनोच्या माउस-संदेशात एका दिशेला १२७ मावतात.

जोडणी झाल्यावर कर्सर उलटा गेला तर त्या अक्षाच्या ए आणि बी वायरींची अदलाबदल करा. आडवं-उभं उलटसुलट असेल तर जोड्याच बदला. कर्सर जागच्या जागी थरथरत असेल, पुढे सरकतच नसेल, तर एक सेन्सर मुका आहे. बी कायम ० राहिला आणि ए तेवढा बदलत राहिला, की चिपला एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे असंच दिसत राहतं. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसण्याआधी ती वायर तपासा, चकतीच्या खाचांत अडकलेली धूळ काढा. जुन्या ट्रॅकबॉलमध्ये नेमकी तिथेच वर्षानुवर्षांची घाण बसलेली असते.

मग विंडोजमध्ये पॉइंटरचा वेग आपोआप वाढवणारी सोय बंद करा आणि मेममध्ये प्रत्येक खेळाची संवेदनशीलता वेगळी लावा, कारण मूळ यंत्रांत चकत्या आणि मोजणी वेगवेगळी होती. १९८४ च्या ‘मार्बल मॅडनेस’चं तर आणखीच निराळं: त्याच्या यंत्रात ट्रॅकबॉल ४५ अंशांनी फिरवून बसवलेला होता. तो फरक मेम स्वतः भरून काढतं, त्यामुळे घरी चेंडू नेहमीसारखा सरळच बसवावा.