पेवाचं पोट आणि लेसरची रेघ

सांगलीजवळच्या हरिपूरचं हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, ज्यानं आतून पाहिलंय, त्याला तिसरी मिती समजावून सांगावी लागत नाही. तोंड अरुंद, पोट मात्र रांजणासारखं फुगलेलं. अशा पेवात आडवा फिरणारा लेसर एकाच उंचीवर धरला तर हाती एक कडं येईल, गळ्याचं की पोटाचं ते कळणार नाही. दोरीनं खाली सोडत कड्यावर कडं रचलं, तर पोट उभं राहील. पण दोरीला पीळ बसला, लेसर झोके घेऊ लागला, की सगळी कडी विस्कटली. चालत्या रोबोनं लेसरनं त्रिमितीय नकाशा काढण्याचा इतिहास म्हणजे बराचसा या पिळाशी झालेली झटापट.

लेसर स्वतः जुना. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर मिळवला. किरण जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे मोजणीत एका नॅनोसेकंदाची चूक झाली की जाण्या-येण्याचं मिळून ३०, म्हणजे अंतर १५ सेंटिमीटरनं चुकलं. रोबोंचं सुरुवातीचं काम मात्र स्वस्त ‘सोनार’वर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर काढणाऱ्या यंत्रावर चालायचं. १९८५ मध्ये मोरावेक आणि एल्फिस या संशोधकांनी चौकटींचा नकाशा (जागेचे चौकोन पाडून कुठला रिकामा, कुठला भरलेला ते नोंदवायचं) मांडला तोही सोनारवरच. आवाज शंकूसारखा पसरतो, त्यामुळे उघडं दारही कधी भिंत वाटायचं.

नव्वदच्या दशकात जर्मनीच्या ‘सिक’ कंपनीचे स्कॅनर प्रयोगशाळांत आले. कारखान्यात यंत्राजवळ माणूस आला की ओळखायचं, ही अशा स्कॅनरची जुनी नोकरी. एलएमएस २०० हे मॉडेल साडेचार किलोचं, १८० अंशांत पाहणारं, पण एकाच प्रतलात. टेबलाचे पाय दिसायचे, वरची फळी नाही! मग संशोधकांनी तेच यंत्र मोटरवर बसवून मान डोलवल्यासारखं वर-खाली हलवलं. कल्पना साधीच, मला तरी सगळ्यात आवडलेली.

आता पीळ, म्हणजे हलत्या लेसरची जागा नेमकी न कळणं. दोन जागांहून लेसरनं टिपलेले बिंदूंचे ढग एकमेकांवर बसवायची रीत बेस्ल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडली: प्रत्येक बिंदूला जवळचा जोडीदार शोधायचा, ढग थोडा सरकवायचा, पुन्हा शोधायचा. सुरुवातीचा अंदाजच फार चुकलेला असेल तर ही रीत भलतीकडेच जाऊन अडकते.

जुलै २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत शेजारच्या बंद खाणीचं पाणी घुसलं. नऊ कामगार ७७ तास अडकले, आणि वाचले. जुन्या खाणीच्या हद्दीचा बरोबर नकाशा हाती नव्हता. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मंडळींनी ‘ग्राउंडहॉग’ हा रोबो बांधून २००३ मध्ये मॅथीज नावाच्या सोडून दिलेल्या खाणीत उतरवला. पेव उघडल्यावर आत हवा खेळू दिल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही, हे आपल्याकडे ठाऊक असतं. धोक्याची जात तीच.

२००५ मध्ये चालकाविना गाड्यांची वाळवंटातली शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या ‘स्टॅन्ली’ गाडीच्या टपावर पाच लेसर होते, पुढच्या जमिनीकडे झुकवलेले. गाडी पुढे गेली की रेघेपुढे रेघ पडत जाई. पण गाडीचा कल मोजण्यात किंचित चूक झाली, की सपाट रस्त्यावर नसलेला अडथळा उभा राही. इथेही तोच पीळ, फक्त दोरीच्या जागी चाकं.

दोन वर्षांनी अशाच गाड्यांच्या शहरी शर्यतीत ‘वेलोडाइन’चा ६४ किरणांचा फिरता लेसर आला. शर्यत पूर्ण करणाऱ्या सहापैकी पाच गाड्यांवर तो होता. आता मान डोलवायची गरज उरली नाही. नंतर अंतर मोजणाऱ्या लेसरचं पेवच फुटलं, अगदी फोनपर्यंत. गाडी हलते तेव्हा ६४ किरणांची कडीही विस्कटतातच, आणि ती सरळ करायचा हिशेब अजून सॉफ्टवेअरलाच करावा लागतो.