आगेरा: साष्टीतल्या कणसांची मिरवणूक

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, आगेराच्या दिवशी, मुंबईतल्या कलिना-मरोळच्या पट्ट्यात बँडच्या मागे लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या बायका चालताना दिसतात. सुपात काकड्या आणि भोपळे, हातात भाताच्या लोंब्यांच्या पेंढ्या. वाटेत खुरीस, म्हणजे क्रूस लागला की मिरवणूक थांबते, प्रार्थना होते आणि सगळे देवळाकडे, म्हणजे चर्चकडे निघतात. देवळात फादर पेंढ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना.

वसई आणि साष्टी (आजच्या मुंबई उपनगरांचं बेट) १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हापासूनची ही ख्रिस्ती वस्ती. १७३७ ते १७३९ मध्ये मराठे आले, १७७४ मध्ये साष्टीत इंग्रज. राज्यं बदलली, पण गावकरी तेच होते आणि भातही. या गावकऱ्यांचं 'ईस्ट इंडियन' हे नाव बरंच उशिरा, १८८७ मध्ये घेतलं गेलं. गोवा-मंगळूरकडून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून.

सगळ्यात जास्त घोळ मात्र सणाच्या अर्थाचा आहे. 'आगेरा' लॅटिनमधल्या शेतवाचक 'आगेर'पासून आला, असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं. मराठी कानाला त्याच्या शेजारी 'आगर' ऐकू येतं. पण कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, नाहीतर मिठागर. भाताची जमीन ती खाचरं. त्यामुळे ही व्युत्पत्तीही पुरती बसत नाही, आणि मला हा वाद सुटेलसं वाटत नाही.

त्याहून मोठी चूक 'हार्वेस्ट फेस्टिव्हल' या नावाने केली आहे. या नावामुळे कापणी संपल्याचा सोहळा डोळ्यांपुढे येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोकणपट्टीवर तयार होतो तो हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात. उशिरा पिकणारा गरवा अजून शेतात उभाच असतो. म्हणजे आगेरा हा नव्याचा सण, पहिलं कणीस देवाला दाखवण्याचा. शेजारपाजारी याच सुमाराला अश्विनात नवान्न पौर्णिमा करतात. युरोपातल्या चर्चच्या पंचांगात शेतांसाठी विनवणीच्या मिरवणुका २५ एप्रिलला आणि स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस असत. त्या काळात साष्टीतली खाचरं भेगाळलेली असतात. तेव्हा आशीर्वाद मागायचा कशावर? चर्चचा विधी इथल्या पावसाला जुळवून घेत ऑक्टोबरात आला असणार, असा माझा अंदाज. मंगळुरी ख्रिस्ती मंडळी मात्र नव्याचा सण ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी करतात. त्यामुळे दोन्ही समाज एकत्र असतील त्या देवळात महिनाभरात दोनदा कणसं येतात. दोन्ही एकाच दिवशी घ्या, ही सूचना दर काही वर्षांनी कुणीतरी करतं. ती नाकारणाऱ्यांचं मला पटतं. सोयीसाठी तारीख हलवली की सणाचा भाताशी उरलासुरला धागाही तुटतो.

आता भाताची गोष्ट. पूर्वी शेत गावठाणाच्या कुंपणाला लागूनच असे. कोळेकल्याण (आजच्या कलिनाच्या भागातलं) गावच्या जमिनीवर आज विमानतळाचा भाग, विद्यापीठाचा परिसर आणि वांद्रे-कुर्ला संकुल आहे. मरोळची शेतं साठच्या दशकात औद्योगिक वसाहतीकडे गेली, तर १९७३ मध्ये शेजारीच निर्यात क्षेत्र सुरू झालं. त्याच्या कुंपणाआत जुन्या देवळाचे अवशेष अजून उभे आहेत. दरम्यान १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरं टप्प्याटप्प्याने मुंबईत आली. भूसंपादनात शेतं गेली, गावठाणं राहिली. म्हणून मिरवणूक काढणारी माणसं जागेवरच आहेत आणि पेरायला वीतभर जमीन नाही.

मग पेंढ्या येतात वसई किंवा गोराईच्या बाजूने, जिथे अजून नांगर चालतो. काही ठिकाणी देवळाच्या आवारात वाफ्यात किंवा पिंपात भात लावतात. वाफ्यातलं रोप पुरेसं नाही भरलं, तर दाणे पोचट निघतात आणि म्हाताऱ्या बायका लोंबी बोटांत चुरून ते लगेच ओळखतात. बैलगाडीच्या जागी आता केळीचे खांब बांधलेला टेम्पो असतो. बाजारातून आणलेली काकडी सुपात ठेवावी का, यावर दरवर्षी कुरबुर होते. ती ठेवली जातेच. मिस्सा झाल्यावर लोंब्या वाटतात. घरी आणलेली लोंबी आल्ताराशी, म्हणजे घरातल्या देवाच्या वेदीपाशी, तसबिरीमागे खोचायची. गेल्या वर्षीची वाळलेली तिथेच असते.