मास्तरांचा पगार कोण देणार?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीच्या 1647 च्या कायद्याने 50 घरांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमणं बंधनकारक केलं. 100 घरं झाली की लॅटिन शिकवणारी शाळाही हवी, नाहीतर वर्षाला 5 पौंड दंड. पण पगार पालकांनी द्यायचा की सगळ्या गावाने, हे कायद्याने गावावरच सोडलं. पुढची दोनशे वर्षं भांडण झालं ते याच प्रश्नावर.

तिथल्याच डेडहॅम गावाने 1644 मध्येच वर्षाला 20 पौंड सार्वजनिक खर्चातून द्यायचं ठरवलं होतं. नॉर्थॅम्प्टन या दुसऱ्या गावाने 1660 च्या दशकात गावातर्फे 6 पौंड दिले, बाकीचं फीमधून : अक्षरओळखीला आठवड्याला 4 पेनी, हिशेब-व्याकरणाला 6. शिक्षकापेक्षा दंड स्वस्त पडतो, हे काही गावांच्या लक्षात आलं. म्हणून 1671 मध्ये दंड 10 पौंडांवर गेला.

रोख पैसा दुर्मिळ होता. त्यामुळे पगाराचा काही भाग मका-गव्हाच्या रूपात मिळे. जेवणखाण, मुक्काम पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी. साठ दिवसांची शाळा आणि तीस मुलं असतील तर प्रत्येक मुलामागे दोन दिवस. म्हणजे तीन मुलांच्या घरी सहा दिवस. शेगडीचं लाकूडही पालकांकडूनच. कुणी ओलं लाकूड धाडलं की वर्गभर धूर. हिवाळ्यात मोठी मुलं येत म्हणून पुरुष शिक्षक, उन्हाळ्यात लहानांसाठी बाई. आणि बाईंचा पगार बऱ्याचदा पुरुषाच्या निम्म्याहूनही कमी. हा भेद मला सगळ्यात जास्त खुपतो.

न्यूयॉर्क राज्यात एकोणिसाव्या शतकात सरकारी अनुदान संपल्यावर उरलेला पगार पालकांकडून ‘रेट बिल’ने वसूल होई. शिक्षक रोजची हजेरी मांडत, कारण बिल त्यावरूनच निघे. समजा तूट 30 डॉलरची आणि सगळ्या मुलांच्या हजेरीचे दिवस 1500; म्हणजे दिवसाला 2 सेंट. 60 दिवस आलेल्या मुलाचे 1 डॉलर 20 सेंट. तीन मुलांचे 3 डॉलर 60. गरीब बाप मुलांना लवकर घरी ठेवी. हजेरी 1200 दिवसांवर घसरली की तीच तूट दिवसाला अडीच सेंटांची होई, मग आणखी कुणी मुलं काढून घेई. अगदी गरिबांना माफी मिळे खरी, पण त्यासाठी आपलं दारिद्र्य शेजाऱ्यांनीच निवडून दिलेल्या विश्वस्तांपुढे उघडं करावं लागे.

1867 मध्ये न्यूयॉर्कने रेट बिल रद्द केलं, आणि पगार करातून निघू लागला. आता वहीतल्या हजेरीवरून कुणाच्या घरी बिल जात नव्हतं.