गाडीचा काटा ५ वर, संत्रा १७ वर

वरुड-मोर्शी पट्ट्यातली आंबिया बहाराची संत्री थंड गाडीने दूरच्या बाजारात निघाली, की पेट्यांमध्ये एक छोटा डेटा लॉगर ठेवता येतो. दर १० मिनिटांनी तो तापमान नोंदवतो, म्हणजे दिवसाला १४४ नोंदी. माल उतरल्यावर त्याचा आलेख काढतात आणि फळ सडलेले निघाले, तर दोष शेतकऱ्याचा, गाडीवाल्याचा की आडत्याचा, हा वाद त्या आलेखावर सुटतो. निदान सुटायला हवा. अडचण एवढीच, की लॉगर त्याच्या भोवतालच्या हवेचे तापमान सांगतो, संत्र्याच्या गराचे नाही.

नागपुरी संत्र्याला साठवणीत साधारण ५ ते ७ अंश सेल्सिअस आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. समजा, भर दुपारी तोडलेले फळ ३० अंशांवर आहे आणि गाडीतली हवा ५ वर. फरक २५ चा. ठरावीक वेळात हा फरक निम्मा होतो: पहिल्या टप्प्याला फळ १७.५ वर, दुसऱ्याला ११.३ वर, तिसऱ्याला ८.१ वर. पॅकहाऊसच्या प्रीकूलिंग खोलीत, म्हणजे भरण्याआधी माल गार करण्याच्या खोलीत, पंख्यांनी पेट्यांमधून हवा ओढली, तर एक टप्पा थोडक्यात उरकतो. गच्च भरलेल्या गाडीत तोच कितीतरी लांबतो. गाडीचे यंत्र गार माल गार ठेवायला बनवलेले असते, गरम माल गार करायला नाही. म्हणून तोडणी सकाळी, दव वाळल्यावर करावी, आणि भरण्याआधी सुईच्या थर्मामीटरने चार-पाच फळांच्या गराचे तापमान पाहून कागदावर लिहावे. या नोंदीशिवाय लॉगरचा आलेख अर्धाच पुरावा.

लॉगर ठेवायची जागा बहुतेक जण चुकवतात. थंड हवेच्या झोताजवळ ठेवला, तर तो सदा ५ दाखवतो, मधल्या पेट्या शिजत असल्या तरी. एक लॉगर दाराजवळ आणि एक मधल्या थप्पीत, पेटीच्या आत फळांमध्ये ठेवावा. छताखाली वीतभर जागा मोकळी सोडावी. शेवटची थप्पी छताला टेकवली, की हवेची वाट बंद.

वापरण्याआधी लॉगर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बर्फाचा चुरा घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवा. शून्य दिसायला हवे. दीड दिसले, तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून दीड वजा करा.

सिमकार्डवाला लॉगर मोबाईलवर इशाराही देतो. ८ अंशांची मर्यादा ठेवली, तर विलंब ३० मिनिटांचा ठेवावा, म्हणजे तापमान सलग तेवढा वेळ वर राहिले तरच फोन वाजेल. बाष्पकावर, म्हणजे यंत्राच्या हवा गार करणाऱ्या भागावर, साचलेला बर्फ वितळवताना हवा काही वेळ तापतेच, आणि दर खेपेला फोन वाजला, की चौथ्यांदा कुणी पाहत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज जाते, गाडीचा धातूचा डबाही सिग्नल अडवतो. स्मरणात नोंद साठवणारा लॉगर रेंज आली, की मागचे सगळे पाठवतो, त्यामुळे नकाशावर गाडी दोन तास दिसली नाही म्हणून घाबरायचे कारण नाही.

आणि घड्याळ तपासा. काही लॉगर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ढाब्यावर रात्री ९ वाजता उघडलेले दार आलेखात दुपारी साडेतीनला दिसते, आणि त्या वेळी गाडी तर बागेत भरत होती.