दार कोण उघडते: पारलौकिक भयपटांतील शोक आणि कुटुंब यांची पार्श्वभूमी

पारलौकिक भयपटांचा इतिहास सांगताना बहुधा पिशाच्चे, शापित वाडे आणि छायाप्रकाशाचे तंत्र यांचीच चर्चा होते. या चित्रपटांत परत येणारा मृत बहुतेक वेळा कुणाचे तरी मूल, कुणाचा नवरा, कुणाची बहीण किंवा आई असते, या गोष्टीकडे मात्र उशिरा लक्ष गेले. गेल्या दशकभरात शोक हाच गाभा असलेले इतके भयपट आले की, समीक्षक त्यांचा स्वतंत्र प्रवाह म्हणून विचार करू लागले. हा प्रवाह नवा नाही. त्याची मुळे चित्रपटकलेच्या जन्माआधी जातात, आणि त्याच्या वाटचालीत एक स्पष्ट बदल दिसतो. जुन्या कथांत मृत माणूस जिवंतांकडे काहीतरी मागायला येत असे, तर आधुनिक कथांत जिवंत माणसेच मृताला जाऊ द्यायला तयार नसतात.

जुन्या भुतांच्या मागण्या नेमक्या असत. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने एका पत्रात अथेन्समधील झपाटलेल्या घराची हकीकत दिली आहे. साखळदंड वाजवणारे भूत अथेनोडोरस या तत्त्वज्ञाला अंगणातली एक जागा दाखवते, तेथे हाडे सापडतात, त्यांचे रीतसर दफन होते आणि घर शांत होते. 'हॅम्लेट'मधला मृत बाप मुलाकडे सूड मागतो. कोरियातील जोसन राजवटीच्या काळातील जांगह्वा आणि होंगर्योन या बहिणींच्या कथेत, सावत्र आईच्या कारस्थानाला बळी पडलेल्या दोघी न्याय मागण्यासाठी अधिकाऱ्यापुढे प्रकट होतात. त्यांच्या दर्शनाने एकामागून एक अधिकारी भीतीने मरतात आणि अखेर एक धीट अधिकारी त्यांचे म्हणणे ऐकून घेतो. दफन, सूड किंवा न्याय मिळाला की भुताचे काम संपते. मागे उरलेल्यांच्या दुःखाला या कथांत फारशी जागा नसते, कारण त्या दुःखाची व्यवस्था समाजाने कथेबाहेर, आपल्या विधींमध्ये लावून ठेवलेली होती.

एकोणिसाव्या शतकात ही दिशा उलटली. 1848 साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल येथे फॉक्स भगिनींनी घरात ऐकू येणारी ठकठक म्हणजे मृतात्म्याची उत्तरे आहेत, असा दावा केला आणि मृतांना बोलावण्याच्या बैठकांची लाट अमेरिकेत व पुढे युरोपात पसरली. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकी यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. त्यांपैकी अनेकांना घरापासून दूर, नावाशिवाय पुरले गेले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुलगा विली 1862 साली आजाराने गेला, तेव्हा त्याची आई मेरी लिंकन अशा बैठकांकडे वळली. विल्यम मम्लर हा छायाचित्रकार शोकग्रस्तांच्या फोटोत त्यांच्या मृत आप्ताची अंधूक आकृती दाखवून देई. 1869 साली त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, तरी पुढे मेरी लिंकन यांनी त्याच्याकडे छायाचित्र काढून घेतले आणि त्यात त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून लिंकन उभे असल्याचे दिसले. या लोकांना भोळसट म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्यांना भुताची भीती वाटत नव्हती, भूत आले नाही तर काय, याची वाटत होती. कॅमेरा आणि शोक यांची गाठ चित्रपटाच्या कितीतरी आधी पडली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

या नव्या अवस्थेला कथेचे रूप दिले डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांनी, 1902 साली प्रसिद्ध झालेल्या 'द मंकीज पॉ' या लघुकथेत. तीन इच्छा पुऱ्या करणारा माकडाचा वाळलेला पंजा एका वृद्ध दांपत्याच्या हाती येतो. ते दोनशे पौंड मागतात आणि कारखान्यातील यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून त्यांना तेवढीच रक्कम मिळते. काही दिवसांनी आई दुसरी इच्छा मागायला लावते: मुलगा परत यावा. रात्री दारावर थाप पडते. आई कडी काढायला धावते, आणि छिन्नविच्छिन्न देह पाहिलेला बाप अंधारात तो पंजा चाचपडत तिसरी इच्छा उच्चारतो. दार उघडते तेव्हा बाहेर रिकामा रस्ता असतो. जेकब्स यांनी बाहेर कोण होते हे दाखवलेच नाही, आणि कथेचे बळ तेवढ्यापुरते नाही. एकाच मुलाच्या मृत्यूवर आई आणि बाप यांच्या दोन वेगळ्या, परस्परविरोधी आणि दोन्हीही समजण्याजोग्या प्रतिक्रिया या दारापाशी समोरासमोर येतात. पुढच्या शतकातील शोककेंद्री भयपटांचा पाया हाच आहे: संकट बाहेरून येते, पण त्याला आत घेण्यावरून घर दुभंगते.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न लाखो घरांत नेला. मृत सैनिकांचे देह मायदेशी न आणण्याचे धोरण ब्रिटनने स्वीकारले, त्यामुळे असंख्य कुटुंबांना ना अंत्ययात्रा मिळाली ना जवळ कबर. भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड 1915 साली युद्धात मेला आणि पुढच्याच वर्षी लॉज यांनी माध्यमांमार्फत, म्हणजे मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या व्यक्तींमार्फत, त्याच्याशी झालेल्या संवादांवर आधारित पुस्तक प्रसिद्ध केले. फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांच्या 1919 सालच्या 'जॅक्यूज' या चित्रपटात मेलेले सैनिक उठून आपल्या गावी परततात आणि आपला मृत्यू सार्थकी लागला का, हे घरच्यांना विचारतात. त्या दृश्यासाठी आघाडीवरून रजेवर आलेले खरे सैनिक उभे केले होते. याच काळात, 1917 साली, फ्रॉइड यांनी शोक आणि विषण्णता यांवरील निबंधात मांडले की, शोक करणे म्हणजे गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू, कष्टाने सोडवून घेणे. 1920 साली त्यांची मुलगी सोफी गेली. पुढे 1929 मध्ये, मुलगा गमावलेल्या आपल्या एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अशा हानीची भरपाई कशानेही होत नाही, असे कबूल केले. निबंधातला सिद्धान्त आणि पत्रातला बाप यांच्यात जे अंतर आहे, त्याच जागेत पुढचे अनेक भयपट उभे आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री गोरर यांनी, आधी 1955 मधील एका निबंधात आणि मग 1965 मधील पुस्तकात, पाश्चात्त्य समाजात मृत्यू हा चारचौघांत न बोलण्याचा विषय झाला असून शोकाचे सार्वजनिक संकेत लोपले आहेत, असे दाखवून दिले. काळे कपडे गेले, ठरलेला काळ गेला, शेजाऱ्यांनी काय म्हणायचे तेही गेले. माझ्या मते शोककेंद्री भयपटाचा खरा बहर यानंतरच आला, हा योगायोग नाही. ज्या दुःखाला समाजात जागा उरली नाही, त्याला भयपटाने जागा दिली.

1973 साली आलेला निकोलस रोग यांचा 'डोन्ट लुक नाउ' याचे सर्वांत परिपक्व उदाहरण आहे. डॅफ्ने ड्यू मॉरिए यांच्या मूळ कथेत मुलगी मेंदूज्वराने गेलेली असते. चित्रपटाने तो मृत्यू घराजवळच्या तळ्यात, आईबाप काही पावलांवर असताना घडवला, आणि त्या एका बदलाने आजाराच्या जागी अपराधभाव आला. मुलीच्या लाल रेनकोटचा रंग पुढे व्हेनिसच्या करड्या गल्ल्यांत पुन्हा पुन्हा डोकावतो. तेथे एक अंध स्त्री सांगते की, तिला मुलगी आईबापांच्या मध्ये बसून हसताना दिसली. आई लॉरा हे मानते आणि तिला प्रथमच हलके वाटते. चर्चच्या जीर्णोद्धाराचे काम करणारा बाप जॉन ते झिडकारतो, पण पुढचे दिसण्याची शक्ती खरे तर त्याच्याच ठायी असते. पत्नी इंग्लंडला गेलेली असताना ती त्याला एका नावेत काळ्या वेषात दिसते. आपण स्वतःचीच अंत्ययात्रा पाहत आहोत, हे त्याला कळत नाही. लाल कोटातल्या लहानशा आकृतीमागे तो धावत जातो, तेव्हा त्याला मारेकरी भेटतो. शोक व्यक्त करणारी वाचते आणि शोक दडपणारा मरतो, इतके सरळ हे समीकरण नाही. तरी नकाराची किंमत एवढ्या अचूकपणे दाखवणारा दुसरा भयपट मला माहीत नाही. त्याच वर्षीच्या 'द एक्झॉर्सिस्ट'मध्येही तरुण पाद्री कॅरस आपली आई एकटी मेल्याच्या टोचणीने खचलेला असतो आणि सैतान नेमका त्याच जखमेवर बोट ठेवतो.

यानंतर वाटा फुटल्या. 1980 च्या 'द चेंजलिंग'मध्ये अपघातात पत्नी आणि मुलगी गमावलेला संगीतकार एका वाड्यात राहायला येतो आणि तेथील मृत मुलाची, बापानेच मारलेल्या मुलाची, दाद लावतो. मूल गमावलेला बाप आणि बापाने टाकलेले मूल यांची ही भेट न्यायाच्या जुन्या कथेला शोकाची नवी कारणे देते. स्टीफन किंग यांच्या 1983 च्या कादंबरीवर मेरी लॅम्बर्ट यांनी 1989 साली केलेल्या 'पेट सेमेटरी'त मुलाला परत आणण्याचा हट्ट आईऐवजी बाप धरतो, तोही पेशाने डॉक्टर. त्यात आईला लहानपणी पाहिलेल्या बहिणीच्या मृत्यूविषयी बोलता येत नाही, आणि घरातले हे मौनच आपत्तीला वाट करून देते.

शतक बदलताना पूर्व आशिया आणि स्पेन येथील दिग्दर्शकांनी या प्रकाराला नवी खोली दिली. हिदेओ नाकाता यांच्या 2002 च्या 'डार्क वॉटर'मध्ये मुलीच्या ताब्यासाठी झगडणारी घटस्फोटित आई, आईसाठी आसुसलेल्या एका बुडालेल्या मुलीच्या भुताला सामोरी जाते आणि स्वतःच्या मुलीला वाचवण्यासाठी त्या भुताची आई व्हायला तयार होते. 2003 साली किम जी-वून यांनी जांगह्वा-होंगर्योनची तीच लोककथा 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' म्हणून पडद्यावर आणली, आणि येथे इतिहासाचे वळण एकाच कथेत स्पष्ट दिसते. लोककथेतील बहिणी बाहेरच्या अधिकाऱ्याकडे न्याय मागतात; चित्रपटातील थोरली बहीण सू-मी स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश आहे. आईने गळफास घेतलेले कपाट धाकटीच्या अंगावर कोसळले, तेव्हा सू-मी भांडून घराबाहेर निघून गेली होती. दुष्ट सावत्र आई म्हणून आपण जिला बराच वेळ पाहतो, ती तिच्याच मनाने उभी केलेली असते. जे. ए. बायोना यांच्या 2007 च्या 'द ऑर्फनेज'मध्ये हरवलेल्या मुलाला भुतांनी नेले, असे मानून महिनोन्महिने झुंजणाऱ्या आईला अखेर कळते की, त्याला शोधताना तिनेच हलवलेल्या लोखंडी नळ्यांनी तळघराचे दार अडले होते. हिंदीत रीमा कागती यांच्या 2012 च्या 'तलाश'मध्येही 'डोन्ट लुक नाउ'चीच रचना दिसते: मुलगा बुडून गेलेल्या घरात आईला माध्यमाकडून मुलाचे निरोप मिळतात, पोलीस अधिकारी असलेला बाप संतापतो, आणि भुताची गाठ मात्र त्यालाच पडते.

दरम्यान मानसशास्त्राची भूमिकाही बदलली होती. 1996 साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी संपादित केलेल्या ग्रंथाने असे मांडले की, मृताशी असलेले नाते तोडणे हे निरोगी शोकाचे लक्षण नाही. ते नाते बदलत्या रूपात पुढे चालू राहते. जेनिफर केंट यांच्या 2014 च्या 'द बाबाडूक'चा शेवट या विचाराच्या अगदी जवळ जातो. प्रसूतीसाठी अमेलियाला रुग्णालयात नेताना तिचा नवरा अपघातात मेला. मुलाचा जन्मदिवस हाच त्याचा मृत्युदिन, म्हणून तो कधी त्या दिवशी साजरा होत नाही. नवऱ्याच्या वस्तू तळघरात बंद आहेत. चित्रपट आईच्या मनातली सर्वांत न बोलली जाणारी गोष्ट, म्हणजे वाचलेल्या मुलाविषयीचा राग, उघडपणे तिच्या तोंडी घालतो, आणि हे धाडस कुठल्याही भीतिदायक दृश्यापेक्षा मोठे आहे. शेवटी राक्षस मरत नाही. तो तळघरात राहतो, अमेलिया त्याला रोज खायला देते, आणि मुलाचा वाढदिवस प्रथमच त्याच्या तारखेला होतो.

चार वर्षांनी आलेल्या अ‍ॅरी अ‍ॅस्टर यांच्या 'हेरेडिटरी'ने हा दिलासा नाकारला. त्यात मुलगी गमावलेली अ‍ॅनी शोकग्रस्तांच्या मदतगटात जाते आणि तेथेच भेटलेली एक प्रेमळ बाई तिला मृतात्मा बोलावण्याच्या टेबलापाशी नेते. विसाव्या शतकाने शोकासाठी दिलेला उपाय आणि एकोणिसाव्या शतकाचा उपाय असे हातात हात घालून येतात, आणि दोन्हींमागे अ‍ॅनीच्या आईने रचलेला डाव असतो. घराण्याकडून मिळालेला वारसा हाच येथे शाप आहे. या दोन चित्रपटांच्या यशानंतर प्रत्येक राक्षसाला शोकाचे प्रतीक ठरवण्याची घाई झाली आणि अनेक पटकथांत मृत मूल किंवा मृत जोडीदार हा केवळ सुरुवातीचा सोयीचा प्रसंग उरला. ही टीका रास्त आहे. जेथे मृत माणसाला स्वतःचा स्वभाव, सवयी, भांडणे असतात, तेथेच त्याची उणीव जाणवते.

2020 सालच्या दोन चित्रपटांनी मात्र या चाकोरीबाहेर वाट काढली. रेमी वीक्स यांच्या 'हिज हाउस'मध्ये दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासित दांपत्याला समुद्रात बुडालेली मुलगी छळते, आणि ती त्यांची नव्हतीच, बसमध्ये जागा मिळावी म्हणून दुसऱ्या आईच्या हातून ओढून घेतलेली होती, हे उघड होते. शोक आणि गुन्हा यांतले अंतर तेथे संपते. नॅटली एरिका जेम्स यांच्या 'रेलिक'मध्ये तर कुणी मेलेलेच नाही. स्मृतिभ्रंशाने आजी दिवसेंदिवस नाहीशी होत असताना मुलगी आणि नात तिच्याच घरात अडकतात, आणि ज्याचे दफन करता येत नाही, ज्याला न्याय देता येत नाही, परत बोलावताही येत नाही, अशा माणसाचा शोक ते माणूस जिवंत असतानाच सुरू होतो.