गुंगीचे माप आणि रुग्णाची प्रकृती

पापण्यांची शस्त्रक्रिया, चेहऱ्यावरचा व्रण काढणे अशा अनेक प्लास्टिक सर्जरी आज स्थानिक भूल आणि शिरेतून दिलेली हलकी गुंगी यांच्या जोडीने होतात. कॉन्शस सेडेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत रुग्ण पेंगतो, पण हाक मारली की ओ देतो आणि श्वास स्वतःच घेतो. हा तोल कुणाचा टिकेल आणि कुणाचा ढळेल, हे बरेचसे रुग्णाच्या प्रकृतीवर ठरते.

रुग्णांची शारीरिक स्थितीनुसार वर्गवारी करण्याची पद्धत साक्लाड, रोव्हेनस्टाइन आणि टेलर या अमेरिकी भूलतज्ज्ञांनी 1941 मध्येच मांडली होती. हलक्या गुंगीच्या बाबतीत मात्र तेवढी काटेकोर दृष्टी यायला बराच काळ गेला. सुरुवातीला डायझेपाम या शामक औषधाचा वापर रूढ होता. 1981 मध्ये लास व्हेगासचे प्लास्टिक सर्जन चार्ल्स व्हिनिक यांनी डायझेपाम आणि केटामाइन हे भुलीचे औषध यांच्या जोडीची पद्धत प्रसिद्ध केली.

1985 मध्ये मिडाझोलामला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध पाण्यात विरघळते, शिरेत डायझेपामसारखी आग करत नाही आणि शस्त्रक्रियेची आठवणही फारशी उरू देत नाही. मात्र ते डायझेपामपेक्षा कितीतरी प्रभावी असल्याने जुन्या सवयीचे हिशेब चुकले आणि श्वास मंदावून रुग्ण दगावल्याच्या नोंदी येऊ लागल्या. त्यांत वृद्ध होते, तसेच सोबत अफूवर्गीय वेदनाशामक दिलेले रुग्णही होते. वृद्धाच्या शरीरात औषधाचा परिणाम दिसायला वेळ लागतो. तेवढा धीर न धरता पुढचा डोस दिला, की दोन्ही डोस एकत्र अंगावर येतात. म्हणूनच नंतरच्या सूचनांत साठीच्या आतल्या निरोगी प्रौढासाठी पहिला डोस 2.5 मिलिग्रॅमपर्यंत, तर साठीपुढे 1.5 मिलिग्रॅमपर्यंतच ठेवण्यात आला, आणि तोही किमान दोन मिनिटे घेऊन सावकाश द्यावा, पुढच्या डोसाआधी थांबावे, असे बजावण्यात आले. माझ्या मते या क्षेत्रातला खरा बदल या आकड्यांत आहे, कारण त्यांनी वयाला डोसाच्या हिशेबात थेट स्थान दिले.

1990 मध्ये भूलतज्ज्ञ बेली आणि सहकाऱ्यांनी 12 निरोगी स्वयंसेवकांना मिडाझोलाम आणि फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक एकत्र दिले, तेव्हा 11 जणांच्या रक्तातला प्राणवायू घटला आणि सहा जणांचा श्वास काही काळ थांबला. सुदृढ माणसांची ही गत, तर झोपेत घोरणाऱ्या व श्वास अडणाऱ्या स्थूल रुग्णाबाबत किती सावध राहावे लागते, हे उघड आहे. अशा रुग्णांना आधीच हेरण्यासाठी टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये स्टॉप-बँग ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. रोजची औषधेही विचारावीच लागतात: एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि केटोकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध यकृतातील मिडाझोलामचे विघटन मंदावतात, तर झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्यावर नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो.

चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत आणखी एक पेच येतो. श्वास मंदावलेल्या रुग्णाला जादा प्राणवायू द्यावा, तर सर्जनचे कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणारे उपकरण, तिथेच चालू असते आणि कापडाखाली साठलेल्या प्राणवायूमुळे आग लागू शकते. त्यामुळे ज्याला प्राणवायूची सतत गरज पडेल, त्याच्यासाठी हलक्या गुंगीऐवजी श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देण्याचा पर्याय निवडला जातो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील सिडकप येथे प्लास्टिक सर्जन हॅरोल्ड गिलीज यांच्याकडे उपचार घेणाऱ्या, चेहरा विद्रूप झालेल्या सैनिकांसाठी भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल यांनी विकसित केलेल्या तंत्राचाच हा वारसा आहे.